दुपारच्या हाताचं स्टिअरिंग

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, चपला घ्यायला जातात, पांढऱ्या रश्श्यासाठी जातात. आम्ही गेलो ते गाडीच्या स्टिअरिंगला चामडं चढवायला. परत आल्यावर शेजारच्या देशमुखबाईंनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" आणि मला पटकन काही सांगताच येईना. रंकाळा पाहिला तो चालत्या गाडीतून. देवळाचा कळस दिसला तो एका गल्लीच्या तोंडातून, तिथूनच हात जोडले. तेव्हा कुठे राहावं आणि काय पाहावं याची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. हा प्रवास फारसा सुखाचा झाला नाही, हेही आधीच सांगून टाकते.

गाडी माझ्या यजमानांची, माधवरावांची. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते, पण पानंच्या पानं 'अहो' लिहीत बसणं बरं दिसत नाही, म्हणून इथे माधवराव. पाटबंधारे खात्यात होते, आता निवृत्त. गाडी पांढरी अँबॅसिडर. तरुणपणी एका डॉक्टरांकडून जुनीच घेतलेली, आणि आमच्या मुलापेक्षाही वयाने मोठी. मुलाला शाळेत सोडताना ते कधीकधी टाळाटाळ करत, पण गाडी धुवायची म्हटली की पहाटे उठत. मी यावरून आयुष्यभर बोलले आणि त्यांनी आयुष्यभर ऐकलं नाही.

गेली काही वर्षं त्यांच्या हातांना संधिवाताने धरलं आहे. बोटांची पेरं सुजतात आणि मूठ पुरती मिटत नाही. आता ज्यांनी जुनी अँबॅसिडर चालवली नसेल त्यांना सांगायला हवं, की तिचं स्टिअरिंग ताटापेक्षा मोठं आणि बांगडीसारखं बारीक असतं. शिवाय कडक, आणि वळवायला जड. आमच्याला तर वयामुळे तडेही गेले होते. सोलापूरच्या उन्हात ते तापतं, थंडीत लोखंडासारखं गार पडतं. बारीक वस्तू धरायला बोटं पूर्ण मिटावी लागतात आणि नेमकं तेच होत नव्हतं. जाड वस्तू मात्र त्यांना धरता येत. मी त्यांच्या चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून दिलं होतं, तेव्हापासून आमटी सांडायची थांबली. त्यावरूनच स्टिअरिंग जाड करायचं डोक्यात आलं. बाजारातली तयार कव्हरं आणून पाहिली, तर कव्हर हातात फिरायचं आणि चाक जागच्या जागी.

पुण्याहून मुलगा दर फोनला एकच धोशा लावायचा, गाडी विका. सोलापुरातले जुन्या गाड्यांची हौस असलेले एक गृहस्थ येऊन बघूनही गेले होते. शेवटी माधवराव एके दिवशी जेवताना म्हणाले, "कोल्हापूरला एवढं करून बघतो. स्टिअरिंग हातात बसलं तर गाडी राहील. नाही बसलं तर मी स्वतः त्या माणसाला फोन करून बोलावीन." हे शब्दाचे पक्के आहेत. म्हणूनच मला धास्ती वाटली.

उचगाव

जानेवारीतली थंडी. सोलापुरातून निघताना गाडी त्यांनीच काढली. मंगळवेढ्याच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो आणि निघताना ते डाव्या बाजूला जाऊन बसले. मी लेकाने आमच्याकडे ठेवलेली छोटी गाडी चालवते, ही कधी हायवेला हातात घेतली नव्हती. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, त्यांना ओलांडताना माझे खांदे भरून आले. मिरज येईपर्यंत माधवराव खिडकीबाहेर बघत होते. गिअर टाकताना एकदा खरखर झाली तेव्हा फक्त "हं" म्हणाले.

उतरलो दिनकर कांबळ्यांकडे, कोल्हापूरला लागूनच असलेल्या उचगावला. कांबळे खात्यात यांच्या हाताखाली होते, आता शेती आणि म्हशी बघतात. दारात गाडी थांबली, आणि मी उजवीकडून उतरतेय हे बघून ते मोठ्याने हसले.

"आलासा? आणि काय ओ सायेब, वहिनींस्नी ड्रायव्हर ठेवलंय व्हय?"

माधवराव हसले नाहीत. कांबळ्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच आमच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि गाडीच्या रंगाचं कौतुक सुरू केलं.

घर नीटनेटकं. बाहेरच्या खोलीत बुद्धाची पितळी मूर्ती आणि तिच्यासमोर मेणबत्ती. विमलवहिनींनी मटणाचा बेत केला होता, तांबडा आणि पांढरा दोन्ही. आम्ही सोलापूरकर तिखटाच्या बाबतीत कुणाला मोजत नाही. तांबडा दिसतो लाल, पण आमच्या शेंगाचटणीपुढे तो सोज्वळच, असं मी वहिनींना ऐकवलं आणि त्यांनी मला आणखी दोन वाट्या वाढून माझा आवाज बंद केला.

पण त्या जेवणातलं मला वेगळंच आठवतं. रात्रीच्या गारठ्याने बोटं पुन्हा आखडली होती, माधवरावांना भाकरी मोडता येईना. ते अंगठ्याने तुकडा रेटत होते. वहिनी वाढायला वाकल्या, त्यांनी बघितलं, आणि न विचारता त्यांच्या ताटातली भाकरी उचलून रश्श्यात चुरली. "खावा, निवतंय," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटाला कुणी हात लावणार नाही. इथे हक्काने लावतात, आणि त्यात मायाच असते, हे मला कळत होतं. माधवरावांनी मान खाली घालून सगळं खाल्लं. 

चप्पल लाईनच्या मागे

दुसऱ्या दिवशी कांबळे आम्हाला शामरावांकडे घेऊन गेले. स्टिअरिंगला चामडं चढवणारा हा कारागीर त्यांनीच फोनवर सुचवला होता. चपलांच्या दुकानांची ओळ संपली की मागे एक बोळ आहे, तिथे त्यांचं घर आणि दारापुढेच कामाची जागा. हवेत भरलेला कमावलेल्या चामड्याचा वास, भिंतीला टेकवलेल्या वेण्या घातलेल्या चपला. शामराव अंगाने भरलेले आणि भारी बोलघेवडे. चाक काढायची गरज नाही, गाडीतच काम करतो म्हणाले आणि चहाचा कप घेऊनच गाडीत शिरले.

"पावणं, मी चपला करणारा माणूस. पर स्टेरिंग बी केल्यात. ट्रॅक्टरची तर लई केली. ह्ये तुमचं लईच बारीक हाय बगा. पैलवानाच्या मुठीत सुदिक घुमंल." मग माधवरावांकडे वळून, "बघू हात."

माधवरावांनी डॉक्टरपुढे करावेत तसे दोन्ही हात पुढे केले. शामरावांनी एकेक बोट वाकवून पाहिलं. सकाळची वेळ होती, बोटं आखडलेली होती, पण बोळात थंडी होती, तिच्यामुळेच असेल असं वाटण्यासारखं, आणि शामरावांचं लक्ष निम्मं बोलण्यातच होतं.

"आता मी तडं बुजवून घेतो, वर घोंगडीच्या पट्ट्या गुंडाळतो. तुमी दुपार कलल्यावर या. माप तवाच घ्याचं. आमचा रिवाजच हाय त्यो. पायाचं माप आमी कदी सकाळी घेत न्हाय. दिसभर हिंडून पाय फुगतोय. सकाळच्या पायाला चप्पल केली, तर सांजंला चावती."

मग काहीतरी सुचून त्यांनी विचारलं, "हाताचं कसं हाय? सकाळी आकडत्यात काय?"

"नाही. असेच असतात दिवसभर," माधवराव म्हणाले.

"सकाळी मूठ मिटत नाही यांची," मी म्हणाले. "उन्हं वर आली की मग सुटतात बोटं."

"हिचं ऐकू नका हो. वाढवून सांगायची सवय आहे तिला."

शामरावांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सायेब म्हंत्यात न्हवं, मग झालं. हात त्येंचा हाय." आणि ते भेगा बुजवायला लागले. मला राग आला. बोळातून बाहेर पडेपर्यंत मी माधवरावांशी बोलले नाही, पण शामराव कानावर घेणार नव्हते आणि हे ऐकणार नव्हते, म्हणजे बोलणं संपलंच होतं.

उचगावला येऊन जेवलो. जेवल्यावर माधवरावांनी विमलवहिनींकडे गरम पाणी मागितलं. त्यात मीठ घालून हात बुडवून बसले, पाणी निवलं की आणखी मागायचे. दाखवायचा कार्यक्रम असावा तशी हातांची तयारी चालली होती. पुसून झाल्यावर त्यांनी मला मूठ मिटून दाखवली. खरंच मिटली.

आम्ही परत पोचलो तेव्हा बोळात चांगलं ऊन आलं होतं. शामरावांनी बकऱ्याचं चामडं पाण्यात भिजत घातलं होतं. ओलं चामडं कापडासारखं लुसलुशीत होतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. घोंगडीच्या थरावर ते ताणून बसवलं, आतल्या कडेने आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुया आमनेसामने चालवत शिवण घातली. हात भरभर चालत होते आणि तोंडाने कुणाच्या तरी लग्नाची भांडणं सांगणं चालू होतं.

"आता बसा की सायेब. धरा. बैलाची वेसण धरल्यावानी दाबून धरा. वाळूस्तवर सोडायचं न्हाय."

ओलं चामडं ज्या आकारात वाळतं तोच आकार धरतं. माधवराव स्टिअरिंग धरून बसले, आणि शामरावांनी एका गुळगुळीत लाकडाच्या तुकड्याने त्यांच्या बोटांच्या कडेने चामडं दाबून मधल्या फटींत उंचवटे उठवले. मी मागच्या सीटवर बसले होते. समोरच्या काचेतून ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं. गाडी बंद, समोर भिंत, आणि हे रस्त्याकडे बघावं तसे त्या भिंतीकडे बघत होते. मध्येच एकदा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "बसलंय गं." इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडावर मी हसू पाहिलं नव्हतं. माझा सकाळचा राग गेला.

संध्याकाळी गाडी त्यांनी चालवली. शामराव म्हणाले होते, धरत राहा, रात्रीतून पक्कं होईल. शहरातून उचगावला सरळ न जाता त्यांनी मुद्दाम लांबचा वळसा घेतला, रंकाळ्याच्या कडेने. पाण्यावर उजेड होता, कट्ट्यावर माणसं भेळ खात बसली होती. मी म्हटलं, थांबू या का? तर म्हणाले, "थांबायला कशाला, चालवायलाच तर आलोय." कांबळे मागे बसून मोठमोठ्याने गाडीची तारीफ करत होते. मलाही वाटलं, झालं, राहिली गाडी. त्या संध्याकाळी मी खरोखर सुखात होते.

दूध डेअरीचं वळण

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. पहाटे मला जाग आली तर माधवराव पांघरुणात मूठ मिटायचा प्रयत्न करत होते. मी डोळे मिटून पडून राहिले. उठल्यावर म्हटलं, "ऊन वर येऊ दे, मग निघू." ते म्हणाले, "सोलापूर काय जवळ आहे?" विमलवहिनींनी चहा दिला तो त्यांनी दोन्ही तळव्यांत कप धरून घेतला. मी पुन्हा म्हणाले, तर माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली उचलली.

उचगावच्या त्या गल्लीच्या शेवटी दूध डेअरी आहे आणि तिथेच वळण. सकाळची दूध घालायची वेळ. माणसं रांगेत, बाहेर एका मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या अडकवलेल्या. माधवरावांनी गाडी वळवली. वळून झाल्यावर चाक सरळ करायला हात पुढे सरकवून पुन्हा धरावं लागतं. सुजलेली बोटं खाचांत न बसता कालच्या त्या उंचवट्यांवर पडली. पेरांना टोचलं असावं, कारण ते कळवळले आणि हात सुटला. गाडी सरळ त्या मोटरसायकलवर गेली.

ब्रेक लागला होता, म्हणून वेग नव्हता. मोटरसायकल आडवी झाली, किटल्यांची झाकणं उडाली आणि सगळं दूध रस्त्यावर. कुणाला लागलं नाही. गल्लीतली कुत्री दूध चाटायला धावली. डेअरीतून मोटरसायकलवाला बाहेर आला, पन्नाशीचा, डोक्याला मफलर.

"काय ओ! डोळं हायत का न्हाईत?" तो खिडकीपाशी येऊन ओरडला. मग त्याचं लक्ष माधवरावांच्या हातांकडे गेलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "हात वळत न्हाईत तर गाडी कशापायी हाकताय, पावणं?"

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. रांगेतल्या कुणीतरी "जाऊ दे रं, पावणं हायत, लागलं न्हाय न्हवं कुणाला" असं म्हणून मोटरसायकल उभी केली. कांबळे घरातून पळत आले. त्यांनी त्या माणसाला बाजूला घेऊन समजूत काढली. मी खाली उतरून त्याची माफी मागितली. माधवराव गाडीतच होते. पुढची सीट सलग असल्यामुळे ते बसल्या बसल्या डावीकडे सरकले होते आणि हात मांडीवर पालथे ठेवले होते.

"सायेब, शामरावाकडं जाऊ की," कांबळे खिडकीत वाकून म्हणाले. "परत भिजवून घिऊ. आता सकाळच्या हाताचं माप देऊ."

"आणि दुपारी काय करू, दिनकर?"

माधवरावांनी मांडीवरचा एक हात उलटा केला.

"हा हात तासातासाला बदलतो. काल मी त्या शामरावाला खोटं सांगितलं. पण खरं सांगितलं असतं तरी त्याने कुठल्या हाताचं माप घेतलं असतं?"

 विमलवहिनींनी गुळाची ढेप आणि भाकऱ्या बांधून दिल्या. निघताना कांबळ्यांनी यांचा हात हातात घेतला, पण दाबला नाही, नुसता धरून उभे राहिले.

परतीला

गाडी मी चालवली. त्या स्टिअरिंगवर माझे हात बसेनात. यांची बोटं लांब आणि माझी आखूड, त्यामुळे त्यांच्या खाचा माझ्या तळव्याखाली येत होत्या आणि उंचवटे भलतीकडेच. जाडी इतकी की माझा अंगठा आणि बोटं एकमेकांना पोचत नव्हती. मिरज मागे पडलं, कवठेमहांकाळ मागे पडलं. ऊस संपला आणि ओळखीचा उजाड माळ सुरू झाला. एरवी तो दिसला की घरी आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी वाटलं, हा रस्ता आणखी लांब असता तर बरं झालं असतं.

सांगोल्याच्या पुढे बाभळीखाली थांबून भाकरी खाल्ली. ऊन चांगलं तापलं होतं. माधवरावांनी भाकरी स्वतःच्या हाताने मोडली. मी ते पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "दुपार झाली. आता तुम्ही घ्या गाडी. रस्ता सरळ आहे."

त्यांनी हात झटकले. मग गाडीत जाऊन उजवीकडे सरकले आणि स्टिअरिंग धरलं. शामरावांचं काम अस्सल होतं. एकूण एक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं. किल्ली लावलेलीच होती, पण त्यांनी ती फिरवली नाही. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती.

"बघ, काय बसलंय," ते म्हणाले.

"मग चला ना. आपण दुपारीच गाडी चालवत जाऊ. सकाळी बाहेर पडायची कुठे घाई आहे आपल्याला? बाजार काय, दवाखाना काय, दुपारी जाऊ." मी हे समजूत घालायला म्हणत नव्हते. मला तसंच हवं होतं.

"मोटरसायकलच्या जागी तो माणूस उभा असता तर?"

"नव्हता ना पण."

"नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मी नंबर लावून द्यायला हात पुढे केला. पण दुपार होती, बोटं ठीक चालत होती. नंबर त्यांनी स्वतःच लावला.

गाडी बघून गेलेल्या त्या गृहस्थांनी फोन लगेच उचलला. माधवराव त्यांच्याशी नेहमीच्या खात्यातल्या आवाजात बोलले. रविवारी या म्हणाले. गाडी कुठे झाकून ठेवायची, थंडीत चालू करताना चोक किती ओढायचा, सगळं सांगितलं. बोलताना डावा हात स्टिअरिंगवरच होता.

"आणि एक आहे. स्टिअरिंगला नवीन चामडं चढवलंय. तुमच्या हाताला बसणार नाही कदाचित. नाही बसलं तर उसवून टाका."

फोन ठेवून ते डावीकडे सरकले. मी वळसा घालून आले आणि बसले. स्टिअरिंगला हात लावला तर चामडं त्यांच्या हातांनी अजून गरम होतं. मला रडू आवरेना. रस्ता दिसेनासा झाला. माधवरावांनी समोर बघत खिशातला रुमाल माझ्या मांडीवर ठेवला.

"आधी डोळे पूस," ते म्हणाले, "मग गिअर टाक."